पोचल्याची फेरी

१

आमच्या घरात माणूस बाहेरगावी निघाला की तो पोचेपर्यंत केर काढत नाहीत. तंजावुरात ही रीत घरोघरी आहे. पण बाकीच्या बायका माणूस रस्त्याच्या वळणापलीकडे गेला की "पोचला असेल" म्हणून केरसुणी हातात घेतात. आमच्या चंद्रमतीला तसलं अंदाजपंचे चालत नसे. मी एकदा मद्रासला गेलो, तेव्हा माझं कार्ड येईपर्यंत, म्हणजे चांगले तीन दिवस, तिनं घर तसंच ठेवलं होतं. परत आल्यावर मी म्हटलं, "पुढच्या खेपेला स्टेशनावरूनच तार करतो. निदान शेजारी तरी नावं ठेवणार नाहीत." तिनं ते मनावर घेतलं आणि मला खरोखरच दर खेपेला तार करावी लागली.

मी शेती खात्यात फील्ड असिस्टंट. मोजल्याशिवाय आणि पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, अशी खात्याची शिकवण आणि माझा स्वभावही तसाच. बायको रीतीभातींची आणि नवरा मोजपट्टीचा, असं आमचं वीस वर्षं चाललं होतं. आम्हाला मूल नव्हतं. पण माझी बहीण वारल्यावर तिचा सहा वर्षांचा चिदंबर आमच्याकडे आला, आणि मग मूल नाही ही गोष्ट आम्ही विसरून गेलो.

हा चिदंबर मद्रासला जाऊन हेलिकॉप्टर चालवायला शिकला. चौसष्ट सालच्या ऑगस्टात ओरत्तनाडूकडच्या कुरुवैच्या, म्हणजे पहिल्या हंगामाच्या, भातावर खोडकिडा पडला, तेव्हा सरकारनं फवारणीसाठी एका कंपनीचं छोटं हेलिकॉप्टर आणवलं आणि त्याबरोबर आमचा चिदंबरच आला. पुढे काचेचा फुगा, आत दोन जागा, मागे जाळीची लांब शेपूट. लोक त्याला तुंबी म्हणत, म्हणजे चतुर किडा. मी बांधावर पांढरा झेंडा घेऊन उभा राहायचो. तो झेंड्याच्या रोखानं एक पट्टा फवारत यायचा. मग मी पंधरा पावलं सरकायचो. झेंडा डोक्यावरून दोनदा मोठा गोल फिरवला, की काम संपलं, परत जा. "मामा जमिनीवर आणि भाचा आकाशात," असं तो सगळ्यांना सांगायचा. मला वरवर राग यायचा, पण खरं सांगतो, त्या दिवसांत माझी छाती फुगलेली असे.

अडचण एकच होती. मी साडेचारच्या बसनं निघे. तो पाच वाजता सायकलवरून गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीकडे जाई. अंधारात केर काढला तर लक्ष्मी निघून जाते, म्हणून आम्ही जायच्या आधी झाडायचं नाही. आणि आम्ही गेल्यावर, तो पोचल्याचं कळल्याशिवाय झाडायचं नाही. गल्लीभर दारोदारी कोलम, म्हणजे रांगोळ्या, रेखून झाले तरी आमचाच उंबरा कोरा. शेवटी चिदंबरनंच तोड काढली.

"मामी, मी वर चढलो की आपल्या घरावरून एक फेरी मारतो. आवाज आला की पोचलो म्हणून समजा. मग काढा केर."

तेव्हापासून रोज सव्वासहाला ती फेरी होई. कौलं थरथरत, मधल्या उघड्या चौकातली तुळस वाकायची, पाण्याच्या पितळी हंड्यावरचं झाकण तडतड वाजायचं. चंद्रमती चौकात उभी राहून वर हात करायची आणि मग केरसुणी घ्यायची. आम्ही तिला पोचल्याची फेरी म्हणत असू.

"शेवटच्या दिवशी तुम्हांला शेजारच्या जागेवर बसवून नेतो," असं त्यानं तिला कबूल केलं होतं. "अय्यो, मी नाही रे बाबा," म्हणत ती दोन दिवस कुठलं लुगडं नेसायचं याचा विचार करत होती.

२

तिसऱ्या आठवड्यात आमच्या साहेबांनी मला हटकलं. "काय श्रीनिवासराव, तुमच्या मंडळींना रोज सकाळी वरून सलामी मिळते म्हणे?"

साहेब हसत होते, पण मला ते लागलं. तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी बोट लावलं नव्हतं. त्या रात्री जेवताना, चंद्रमती विहिरीवर गेली आहे असं पाहून मी चिदंबरला म्हणालो, "उद्यापासून घरावरून फेरी नको."

तो घास हातात धरून थांबला. "आणि मामी?"

"मामीला मी सांगतो."

"सरी, मामा," म्हणाला, आणि खाली मान घालून जेवला.

मी तिला सांगितलं नाही. रात्री वाटलं, सकाळी सांगू. सकाळी वाटलं, बस चुकेल. खरं कारण हे, की तिचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. मी किड्यांचे, खतांचे, पावसाचे रिपोर्ट बेधडक लिहिणारा माणूस, पण घरात एवढी भित्री जात शोधून सापडायची नाही.

त्या दिवशी तो शेतावर दहा मिनिटं लवकर आला. त्यानं मला हात केला. दोन पट्टे नीट झाले. तिसऱ्याच्या टोकाला वळायला म्हणून तो वर उचलला गेला, आणि यंत्र जागच्या जागी स्वतःभोवती फिरायला लागलं. एकदा फिरलं तेव्हा मला वाटलं, गंमत करतोय. दुसऱ्यांदा काचेतून त्याचा चेहरा माझ्यासमोरून गेला आणि मला कळलं की ही गंमत नाही. शेपूट बांधावर आपटली. मग सगळंच चिखलात कलंडलं. मी धावलो. झेंडा माझ्या हातातच होता.

तो माझ्या मांडीवर गेला. फार वेळ लागला नाही. चौकशीच्या कागदावर पुढे एक ओळ आली: वैमानिकाचा यंत्रावरचा ताबा सुटला. ते खरंच आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. का सुटला, हे कागदावर नव्हतं. रोजच्या त्या फेरीत त्याचा हात मोकळा होत असेल, आणि त्या दिवशी तो झाला नसेल का? जेवताना त्याचं मन मी दुखवलं होतं का? अशा गोष्टी मोजायची पट्टी आमच्या खात्यात नाही.

दुपारी मी घरी आलो. चंद्रमती बाहेर तिण्णैवर, ओट्यावर, बसून होती. उंबऱ्याशी बदामाची पानं पडलेली, कोलम नाही.

"आज आवाज आला नाही," ती म्हणाली. "केर काढिला नाही मी. तो अजून पोचला नाही की काय हो?"

३

त्याला घरी आणलंच नाही. सरकारी इस्पितळातून परस्पर वडवार नदीच्या काठी नेलं. अग्नी मीच दिला. तेरा दिवस लोकांची ये-जा होती. शेजारच्या वेंकूबाईंनी सगळं पाहिलं. त्या म्हातारीनंच मला तेराव्याच्या संध्याकाळी बाजूला बोलावलं.

"राव, तुमच्या घरांत केरसुणी कुठें आहे?"

"दाराआड असेल."

"आहे. त्यावर कोळ्यानें जाळें विणलें आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. घर तर स्वच्छ होतं. चंद्रमती ओल्या फडक्यानं फरशी पुसायची, एकेक पान, एकेक केस बोटांनी वेचायची. पण वेचलेलं सगळं ती चौकातल्या कोपऱ्यात एका जुन्या टोपलीत भरून ठेवत होती. तेरा दिवसांत आमच्या घरातून उंबऱ्याबाहेर धुळीचा कणही गेला नव्हता.

दुःखात माणूस कशाचा तरी हात धरतो, तसलंच हे, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मी रजेवर घरीच होतो. सकाळी कॉफी पीत बसलो असताना हंड्यावरचं झाकण तडतडलं. अगदी हलकेच. मी घड्याळ पाहिलं. सव्वासहा.

आवाज कुठेच नव्हता. मी बाहेर जाऊन आकाश पाहिलं. निळंभोर, एक घार सुद्धा नाही. नागपट्टणची गाडी गेली असेल म्हटलं. पण ती गाडी पावणेसातला जाते, हे मला पक्कं माहीत होतं. मग नगरपालिकेचा पंप असेल. मी तिथवर चालत गेलो. पंप बिघडून आठवडा झाला होता.

परत आलो तर चंद्रमती चौकात उभी. चेहऱ्यावर तेरा दिवसांनी पहिल्यांदा थोडा रंग होता.

"ऐकलेंत?" तिनं विचारलं.

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि मला आणखी कॉफी आणून दिली.

४

मी रजा वाढवली. मी घाबरलो होतो असं मी तेव्हा कबूल केलं नसतं. मला ते तपासायचं होतं. मी झाकण उतरवून ठेवलं. तर देवाच्या पंचपात्रातली पळी वाजली. पळी काढली, तर खिडकीची काच. चौथ्या दिवशी कौलांतून बारीक माती पडली. सहाव्या दिवशी, वारा औषधालाही नसताना, तुळस वाकली आणि वाकलेलीच राहिली, मिनिटभर. यंत्राचा आवाज मात्र नाही. सगळं हलायचं आणि आकाश मुकं असायचं.

एका सकाळी मी मुद्दाम तांदळाचं पीठ चौकाच्या फरशीवर सारखं पसरून ठेवलं. सव्वासहानंतर पाहिलं, तर पीठ मधून बाहेर लोटलं गेलं होतं. मध्ये स्वच्छ फरशी, भोवती पांढरं कडं. शेतावर तुंबी खाली यायची तेव्हा पाण्यावर असंच कडं उमटायचं. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा पीठ पसरलं, तर कालच्यापेक्षा आजचं कडं लहान होतं. मला अर्थ कळायला वेळ लागला नाही. कडं लहान होतं म्हणजे ते खाली येत होतं.

"चंद्रा," मी म्हणालो, "आपण काही दिवस पापनाशमला तुझ्या भावाकडे जाऊ या का?"

"आतां?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "आतां कसें जायचें? तो आला आणि घर बंद असलें तर?"

मग ती इतक्या शांतपणे बोलली, की माझ्या हातातला टंबलर मी खाली ठेवला. "चौकांत जागा पुरत नाही त्याला. ती वाळत घालायची काठी काढून टाकाल का? आणि तुळशीवृंदावन मागच्या परसांत हलवायला हवें."

मी काठी काढली नाही. दुपारी तिनंच ती काढली. संध्याकाळी वृंदावन सरकवायला लागली तेव्हा ते तिच्यानं हललं नाही, आणि ती तिथेच बसून रडली. मी तिच्या शेजारी बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तिला म्हणायचं होतं की ते माझ्यामुळे झालं, मी त्याला येऊ नको म्हणालो. पण मी म्हणालो, "उद्या बघू." भित्रेपणा माणसाच्या हाडीमाशी असतो, तो दुःखानंही जात नाही.

त्या रात्री तिनं पेटी उघडली आणि जांभळं कोरनाडू लुगडं काढून घडीवर हात फिरवत बसली. ते तिनं फेरीसाठी म्हणून काढून ठेवलेलं होतं.

५

सकाळी मला जाग आली तेव्हा ती शेजारी नव्हती. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. स्वयंपाकघरात कॉफीचे तीन टंबलर मांडलेले होते.

ती चौकात होती. जांभळं लुगडं, केसांत कनकांबराची फुलं, पायांत बाहेर जायच्या चपला. आमच्या घरात चपला घालून चौकात कुणी उभं राहत नाही. ती दिवाळीच्या पहाटेसारखी दिसत होती.

"चंद्रा, आत ये."

"येईन की परत," ती म्हणाली. "एकच फेरी. त्यानें कबूल केलें आहे."

हंड्याचं झाकण वाजायला लागलं. मग पळी, मग काच, मग माडीवरचे पत्रे. तुळशीची पानं फरशीला टेकली. तिच्या लुगड्याचा पदर उडून तिच्या अंगाला घट्ट चिकटला. वरून काहीतरी दाबत होतं; मला दारातून पुढे पाऊल टाकायला खांदा लावावा लागला. मी वर पाहिलं. चौकोनी आकाश, रिकामं.

चौकाच्या कडेला दगडी द्रोणी आहे, पाय धुवायच्या पाण्याची. पाणी थरथरत होतं, म्हणून मी सहज तिकडे पाहिलं. पाण्यात आकाश रिकामं नव्हतं. काचेचा गोल फुगा, चिखलानं माखलेला. आत तो, माझ्या मांडीवर होता त्याच शर्टात. चेहरा थकलेला, आणि फार लहान दिसत होता, सहा वर्षांचा आला होता तेव्हासारखा. तो खाली बघत होता. त्याचा एक हात शेजारच्या जागेच्या दाराकडे गेलेला होता, आणि दार अर्धं उघडलं होतं.

मी पुन्हा वर पाहिलं. काही नाही. पुन्हा पाण्यात पाहायचं धैर्य झालं नाही.

दाराआड माझा झेंडा उभा होता. तो कधी आणून ठेवला ते मला आठवत नाही. मी तो घेतला, तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो, आणि डोक्यावरून दोनदा मोठा गोल फिरवला. काम संपलं, परत जा. त्या दिवशी ही खूण करायला मला वेळच मिळाला नव्हता.

झाकण वाजतच राहिलं.

"चिदंबरा!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "मामीला कशाला नेतोस? चूक माझी आहे रे! फेरी मारू नको असं मीच सांगितलं. मामीला सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. ती बिचारी वाट बघत बसली. मला ने. मामीला राहू दे."

कुणीतरी माझा दंड धरला. चंद्रमती. तिचं तोंड माझ्या कानाशी होतं.

"मला ठाऊक होतें," ती म्हणाली. "जातांना त्यानें मला सांगितलें. मामा नको म्हणाले, मामी, आज आवाज येणार नाही, तरी सहा वाजून गेले की पोचलों म्हणून केर काढा. मला तुमचा राग आला. मी म्हटलें, आवाज ऐकल्याशिवाय मी केरसुणी धरणार नाही, जा सांग तुझ्या मामाला. तो हसला. म्हणाला, मग घर संध्याकाळपर्यंत तसेंच राहणार बघा." तिनं माझा दंड आणखी घट्ट धरला. "तुम्हीं त्याला येऊं नको म्हणालांत, आणि मी त्याला पोचूं दिलें नाही. लेंकरूं मध्येंच राहिलें हो आपलें. मध्येंच फिरतें आहे."

तिनं चपला काढल्या. पदर खोचला. दाराआडची केरसुणी तिनं घेतली, कोळ्याचं जाळं हातानं पुसलं, आणि वरच्या त्या दाबाखाली वाकून झाडायला लागली. स्वयंपाकघर, मधली खोली, चौक. तिला बळ पुरत नव्हतं तेव्हा मीही मुठीखाली हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी केरसुणी धरली. कोपऱ्यातली टोपली तिनं स्वतः उपडी केली. सगळं लोटत लोटत आम्ही उंबऱ्याशी आलो.

तिथे ती थांबली. तिला ते बाहेर लोटवेना. ते तिनंच करायचं होतं.

"जाऊन ये, कण्णा," ती म्हणाली, आणि केर उंबऱ्याबाहेर गेला.

तेव्हा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, अगदी खराखुरा, डोक्यावरून वर चढत गेलेला, घराला एक पूर्ण वळसा घातलेला. मग ओरत्तनाडूच्या बाजूला लांब लांब होत गेला. तुळस हळूहळू सरळ झाली. चंद्रमतीनं वर हात केला होता. आवाज विरला तरी तिचा हात वरच होता, तो मी धरून खाली घेतला.

समोरच्या दारात वेंकूबाई कोलमच्या पिठाचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही वर पाहिलं होतं. मी त्यांना काही विचारलं नाही, आणि त्याही आजवर बोलल्या नाहीत.

चंद्रमतीनं उंबऱ्यापुढे सडा टाकला आणि कोलम रेखला. साधाच, चार ठिपक्यांचा. "पोचला," ती म्हणाली.

६

मी पुन्हा कामावर जाऊ लागलो. तो आवाज वेंकूबाईंच्या कानात शिरला की नाही, पाण्यात मी काय पाहिलं, याचा हिशेब लावायचा मी सोडून दिला आहे. झाकण पुन्हा वाजलं नाही. मी सव्वासहाला घरी असलो तर अजूनही कान तिकडेच असतो, आणि वाजलं नाही की बरं वाटतं आणि वाईटही वाटतं.

घरात एकच गोष्ट बदलली. आता मी निघायच्या आधीच चंद्रमती केर काढते. पहाटे चार वाजता, मिट्ट काळोखात, चौकापासून उंबऱ्यापर्यंत. मग मला कॉफी देते आणि जा म्हणते. मी वाटेत असताना कुणी माझी वाट अडवून बसलेलं नको, असं तिचं म्हणणं.

पहिल्या दिवशी मी तिला आठवण करून दिली, की अंधारात झाडलं तर लक्ष्मी घरातून निघून जाते.

"जाईना का," ती न थांबता म्हणाली. "तिला घर ठाऊक आहे. येईल ती परत."

कोपऱ्यातला केर तिला नीट दिसत नव्हता, म्हणून मी कंदील खाली धरला.